बोलण्याचे गुण आणि यंत्राचा कान

२०१९ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि घरोघरी एकच चर्चा सुरू झाली. आदल्या वर्षी राज्यात ८९.४१ टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. त्या वर्षी आकडा ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, भाषेच्या कृतिपत्रिका नव्या होत्या, तरी बोट ठेवले गेले ते मुख्यतः एका गोष्टीवर. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातात असलेले २० गुण त्या वर्षी बंद झाले होते. पालकांनी आणि शिक्षकांनी मागणी लावून धरली आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षी ८० गुण लेखी, २० गुण अंतर्गत ही रचना परत आली. सातारा, सांगली आणि कोल्हापूर मिळून राज्य मंडळाचा कोल्हापूर विभाग होतो. या तीन जिल्ह्यांतल्या शाळांनीही सुटकेचा श्वास टाकला.

त्या साऱ्या वादात एक प्रश्न मागेच राहिला. ते २० गुण नेमके कशाचे?

कागदावर उत्तर सोपे आहे: मुलाला ऐकून किती समजते आणि ते किती नीट बोलते, याचे. प्रत्यक्षात काय होते हे शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोंडी परीक्षा मनापासून घ्यायची तर एका मुलाला ५ मिनिटे तरी द्यावी लागतात. ६० मुलांची तुकडी असेल तर सलग ५ तास. अशा तीन-चार तुकड्या एका शिक्षकाकडे, शिवाय लेखी पेपर, सराव परीक्षा आणि वर्षअखेरीची इतर कामे. मग नावे हाक मारून एखादी कविता म्हणवून घेतली जाते आणि १८-१९ गुणांची रांग लागते. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. लेखी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करता येते. बोललेले उत्तर मात्र हवेत विरते. ते तपासायचे कुठून आणि पुन्हा तपासायचे कसे? जे तपासता येत नाही ते हळूहळू शिकवलेही जात नाही. वाचन-लेखनावर वर्षभर मेहनत घेणाऱ्या शाळेत बोलण्यासाठी वेगळा तास क्वचितच असतो.

बोलणे टिपून ठेवणारे, ओळखणारे आणि त्याला गुण देणारे तंत्रज्ञान या जागी येऊन उभे राहिले आहे. त्याच्याकडे कुतूहलाने बघणारे आहेत तसे धास्तीने बघणारेही आहेत, आणि दोघांकडेही तशी कारणे आहेत. ती कारणे समजून घ्यायची तर सातारा आणि सांगली ही फार चांगली जागा आहे. एवढ्याशा पट्ट्यात मराठीची इतकी रूपे आणि मराठी शिकणाऱ्यांचे इतके प्रकार एकत्र सापडतात की यंत्राच्या कानाची कसोटी इथे खरी लागते.

यंत्राने माणसाचे बोलणे ओळखावे हा खटाटोप ७० वर्षांहून जुना आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ हे अंक कळत, तेही ओळखीच्या आवाजात आणि शब्दांमध्ये थांबून बोलल्यास. दहा वर्षांनी आयबीएमने १६ शब्द ओळखणारे यंत्र दाखवले. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ ही प्रणाली १,०११ शब्दांपर्यंत पोहोचली. त्या विद्यापीठातल्या या कामाचे धुरीण होते आंध्र प्रदेशात जन्मलेले राज रेड्डी. पुढे १९९४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यानंतर संख्याशास्त्रीय पद्धती आल्या, त्यांच्या मागोमाग न्यूरल नेटवर्क आले, आणि आज कुठल्याही स्वस्त मोबाइलमध्ये बोललेले मराठी वाक्य अक्षरांत उमटते.

पण बोलणे ओळखणे वेगळे आणि बोलण्याचे मूल्यमापन करणे वेगळे. या दोहोंत गल्लत झाली की पुढचे सगळे बिघडते. मोबाइलवर आवाजी टायपिंग करणाऱ्याला यंत्राने समजून घ्यावे असे वाटते. तो अडखळला, लिंग चुकला, शब्द अर्धवट गिळला तरी यंत्राने योग्य ते वाक्य लिहावे हीच त्याची अपेक्षा. यंत्रही तसेच शिकवलेले असते. आधीच्या शब्दावरून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधून ते कच्चे दुवे भरून काढते. समजा, कानडी घरातली एखादी मुलगी म्हणाली, ‘माझा आई बाजाराला गेला.’ चांगले आवाजी टायपिंग तिच्यासाठी ‘माझी आई बाजाराला गेली’ असे लिहून टाकू शकते. सोय म्हणून हे उत्तम. परीक्षा म्हणून पाहिले तर नेमकी जी गोष्ट बाईंना कळायला हवी होती ती पुसली गेली. म्हणजे यंत्र जितके समंजस, तितके ते परीक्षक म्हणून बेभरवशाचे ठरण्याची शक्यता. वेगळ्या कामासाठी वेगळा कान घडवावा लागतो.

तो कसा घडवतात? सर्वांत सोपा प्रकार म्हणजे समोर ठेवलेला मजकूर वाचायला लावणे. मूल काय वाचणार हे यंत्राला आधीच माहीत असते. ध्वनिमुद्रण त्या मजकुरावर अक्षरन् अक्षर बसवून पाहायचे, कुठला शब्द सुटला, कुठला बदलला, कुठे थांबा घेतला हे मोजायचे. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले हा आकडा त्यातून निघतो. दुसरा प्रकार ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणण्याचा. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेली फोनवरची ‘फोनपास’ चाचणी याच तत्त्वावर उभी होती. भाषा येत नसेल तर लांब वाक्य लक्षात राहत नाही, एवढा साधा त्यामागचा विचार. तीच चाचणी पुढे ‘व्हर्संट’ नावाने जगभर पसरली. तिसरा प्रकार मोकळ्या बोलण्याचा, आणि तो सर्वांत अवघड. चित्र दाखवून किंवा प्रश्न विचारून मूल बोलते, आणि यंत्र बोलण्याचा वेग, थांब्यांची लांबी, शब्दांची विविधता, वाक्यांची बांधणी अशा डझनावारी खुणा मोजून गुणांचा अंदाज बांधते. अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेने असे यंत्र आधी सरावासाठी वापरले. २०१९ पासून टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी विभागात मानवी परीक्षकांच्या जोडीला ते गुण देऊ लागले.

उच्चाराची तपासणी कशी होते हे थोडे खोलात पाहायला हवे, कारण या विषयातल्या वादाची ठिणगी तिथे आहे. २००० साली केंब्रिजमधल्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी एक पद्धत मांडली, आणि तिचेच वंशज आजही वापरात आहेत. यंत्राला माहीत असते की या जागी अमुक ध्वनी यायला हवा. ते दोन गोष्टी तपासते: ऐकलेला आवाज त्या अपेक्षित ध्वनीशी किती जुळतो, आणि दुसऱ्या कुठल्या ध्वनीशी त्याहून चांगला जुळतो का. दुसरा ध्वनी वरचढ ठरला की गुण घसरतात. ‘पाणी’ या शब्दात ‘ण’ अपेक्षित आहे. मुलाच्या तोंडून ‘पानी’ आले. यंत्राच्या लेखी चूक झाली.

आणि इथेच सातारा जिल्ह्यातले फलटण आठवते.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकी भाषाभ्यासक १९६० च्या दशकात फलटणला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली ती फलटणच्या बोलण्यावरच्या प्रबंधासाठी. एकाच गावात जात, शिक्षण आणि सामाजिक स्थान यांनुसार लोकांचे मराठी कसे बदलते, हा त्याचा विषय. प्रमाणभाषेच्या पुस्तकात एकसंध दिसणारी मराठी एका तालुक्याच्या गावात किती थरांची असते हे त्यांनी लोकांचे बोलणे ऐकून नोंदवले. इरावती कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण लिहिले. १९८० च्या दशकात फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात जागा देणे हे त्या कामाचे मोठे वैशिष्ट्य. भाषाशास्त्रज्ञ, परकीयांना मराठी शिकवणारी शिक्षिका आणि गावातल्या मुलांना अक्षरओळख करून देणारी बाई या तिन्ही भूमिका एका व्यक्तीत एकत्र आल्या. म्हणून बोलण्याला गुण देणारे यंत्र बनवणाऱ्याने साताऱ्यात कुठे जावे, तर आधी फलटणला जावे. यंत्राच्या आधी पन्नास वर्षे तिथे नेमका हाच प्रश्न हाताळला गेला होता: कुणाचे बोलणे वेगळे आहे आणि कुणाचे कच्चे?

सातारा-सांगलीच्या ग्रामीण बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘शाळा’ची ‘साळा’, ‘एक’चे ‘येक’, ‘माझ्या’चे ‘माज्या’, विहिरीची ‘हीर’. ‘आहे’ला ‘हाय’ आणि ‘नाही’ला ‘न्हाय’ म्हणतात. दक्षिणेला कोल्हापूरकडे सरकावे तशी ‘काय करायलायस’ ही धाटणी ऐकू येते, आणि ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे पुरुषी रूप वापरणाऱ्या मायमाउल्या भेटतात. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्याच्या माणदेशी बोलीला तर साहित्यात मानाचे पान आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळे गावच्या व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आले आणि मराठी कथेची वाट बदलली. वाळव्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची. या बोली बोलणारे मूल भाषेत कच्चे असते असे कोण म्हणेल? ते घरात भांडते, हट्ट करते, गोष्ट रंगवून सांगते. त्याला बोलता येते. पुण्या-मुंबईच्या आवाजांवर घडवलेल्या यंत्रापुढे मात्र तेच मूल दर दहा शब्दांमागे दोन-तीनदा चुकलेले दिसू शकते.

वाचनातही हा पेच आहे. पुस्तकात ‘त्याने काम केले’ असे छापलेले असते आणि मराठी माणूस सहज वाचतो, ‘त्यानं काम केलं’. हे शिक्षकही करतात, वक्तेही करतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिण्यात जितका कडक, तितका बोलण्यात नाही. हे सारे नियम यंत्राला वेगळे शिकवावे लागतात. जगभर मुलांच्या वाचनाची तपासणी करणाऱ्या चांगल्या चाचण्यांत स्थानिक उच्चारभेद ही चूक धरू नये असा संकेत आहे. माणूस परीक्षक असेल तर तो संकेत सहज पाळतो, कारण तो त्याच गावचा असतो. यंत्राला गाव नसते; ज्या आवाजांवर ते शिकले तेच त्याचे गाव.

आता शेजारचा तालुका घेऊ. सांगलीच्या पूर्व टोकाला जत. त्याच्या पूर्व भागातल्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. म्हणजे इथले मूल खऱ्या अर्थाने मराठी शिकणारे मूल आहे. त्याच्या अडचणी अगदी वेगळ्या. कन्नडमध्ये ‘ण’ आणि ‘ळ’ ठसठशीत आहेत, त्यामुळे तिथे ते माणच्या मुलापेक्षा सरस ठरेल. पण ‘चमचा’मधला आणि ‘चहा’मधला ‘च’ वेगळा आहे हे त्याला कानाने शिकावे लागते. रोजच्या कन्नडमध्ये महाप्राण ध्वनी फिके होतात, म्हणून ‘भात’ आणि ‘धान’ त्याच्या तोंडी ‘बात’ आणि ‘दान’ होऊ शकतात. सगळ्यांत मोठा अडसर लिंगाचा. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. मराठीत मात्र भिंत ‘ती’, दरवाजा ‘तो’ आणि घर ‘ते’.

साखर हंगामात याच जिल्ह्यांत तिसरे मूल येते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांबरोबर ते काही महिने कारखान्याच्या परिसरात राहते, जमल्यास जवळच्या शाळेत बसते. त्याची मराठी मराठवाड्याची. त्याच्या वाचनात अडखळणे असेल तर ते बहुधा शाळा वारंवार सुटल्यामुळे असेल.

या तिघांना एकच उतारा वाचायला दिला आणि यंत्राने तिघांनाही १०० पैकी ५५ गुण दिले असे समजू. माणदेशी मुलाचे ५५ हे बोलीमुळे, जतच्या मुलाचे ५५ दुसरी भाषा शिकण्याच्या टप्प्यामुळे आणि ऊसतोड कुटुंबातल्या मुलाचे ५५ अक्षरओळख कच्ची राहिल्यामुळे. पहिल्याला काहीच उपाय नको, दुसऱ्याला व्याकरणाचे आणि ध्वनींचे पाठ हवेत, तिसऱ्याला रोज समोर बसवून वाचून घ्यायला हवे. एकच आकडा तिन्ही गोष्टी झाकून टाकतो. या तंत्रज्ञानाबद्दलची सगळ्यांत गंभीर हरकत हीच आहे, आणि ते वापरायचे की नाही यापेक्षा ते काय वेगवेगळे करून सांगू शकते हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

ते सांगू शकते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या प्रा. प्रीती राव आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे मुलांच्या वाचनाच्या आवाजावर काम करत आहेत. त्यातून ‘तारा’ हे ॲप आकाराला आले. मूल गोष्ट मोठ्याने वाचते आणि यंत्र मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द तर मोजतेच, शिवाय मूल वाक्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडते का, आवाजात चढउतार आहे का, योग्य शब्दावर जोर येतो का हेही पाहते. हे दुसरे मोजमाप फार महत्त्वाचे आहे. अर्थ न समजता भरभर वाचणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि नुसता वेग मोजला तर तीच पहिली येतात. केंद्रीय विद्यालय संघटनेने तिसरी ते आठवीच्या सुमारे ७ लाख मुलांचे हिंदी-इंग्रजी वाचन तपासण्यासाठी ‘तारा’ स्वीकारले. गुगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने आणलेल्या आणि पुढच्या वर्षी ‘रीड अलाँग’ झालेल्या ॲपमध्ये मराठी गोष्टीही आहेत. मूल अडले की त्यातली दिया नावाची मदतनीस त्याला शब्द म्हणून दाखवते आणि इंटरनेट नसले तरी ते चालते. मोठ्या शहरापासून दूरच्या शाळेत याचे मोल मोठे आहे.

एरवी हे काम माणसांनी करायचे तर केवढे असते याची कल्पना २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणावरून येते. एनसीईआरटीने त्या वर्षी मार्चमध्ये देशभरातल्या सुमारे १० हजार शाळांत तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांना एकेकटे बसवून तपासले. मराठी धरून २० भाषांत वाचनाचा ओघ मोजला गेला. असे सर्वेक्षण काही वर्षांतून एकदाच करणे परवडते. निपुण भारत या अभियानाचे तिसरीसाठीचे उद्दिष्ट मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचण्याचे आहे. ते गाठायचे तर बाईंना दर महिन्याला प्रत्येक मुलाची खबर हवी. तिथे यंत्राचा खरा उपयोग आहे. भित्रे मूल साऱ्या वर्गासमोर तोंड उघडत नाही. कोपऱ्यात फोनसमोर ते उतारा तीनदा वाचून बघते, आणि कुणी हसत नाही.

मराठी आवाज गोळा करण्याचा एक जुना प्रयत्न इथे आठवायला हवा. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत शेतमालाचे बाजारभाव फोनवर सांगणारी यंत्रणा उभारण्याचा प्रकल्प झाला. मराठीचे काम मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी येथे झाले. त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज त्यांच्याच मोबाइलवरून नोंदवण्यात आले. ज्वारीला कुणी जोंधळा म्हणतो तर कुणी शाळू, हरभऱ्याचा ‘हरबरा’ होतो. फोन करणाऱ्याला भाव तर मिळालाच पाहिजे. त्या कामात बोलीचा फरक ही चूक मानून चालणारच नव्हते. शाळेसाठी कान घडवणाऱ्यांनी शेतकऱ्यासाठी घडवलेल्या कानाकडून हे जरूर शिकावे. अलीकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने जिल्हावार आवाज गोळा करणारा ‘वाणी’ प्रकल्प हाती घेतला आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या प्रादेशिक बोलींचे सर्वेक्षण करून त्यांचे नमुने सर्वांना ऐकण्यासाठी खुले केले आहेत. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ आणि जत तालुक्यातल्या जालिहाळची ‘येरळावाणी’ ही सामुदायिक रेडिओ केंद्रे तर रोज इथल्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात. परवानगी घेऊन वापरता आला तर तो खजिनाच ठरेल.

इंग्रजीची गोष्ट वेगळी, कारण तिथे निकालावर नोकरी ठरते. सांगली, इस्लामपूर, कराड भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना कंपन्यांच्या निवडीत यंत्राने तपासलेली इंग्रजी बोलण्याची चाचणी अनेकदा द्यावी लागते. भारतात तयार झालेली ‘स्वर’ ही त्यांतलीच एक. परदेशी जाणाऱ्यांसाठी पीअर्सन कंपनीची पीटीई ही इंग्रजीची चाचणी २००९ पासून आहे, आणि तिचे गुण मुख्यतः यंत्रच देते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका आयरिश पशुवैद्य तरुणीची बातमी गाजली. इंग्रजी ही तिची मातृभाषा, दोन पदव्या, तरी कायमच्या वास्तव्यासाठी लागणाऱ्या ७९ गुणांऐवजी पीटीईच्या तोंडी भागात ७४ मिळाले. यंत्रात दोष नाही, सरकारने उंबरठाच उंच ठेवला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कोण बरोबर हे बाजूला ठेवले तरी आयर्लंडच्या मुलीवर ही वेळ येते, तर विट्याच्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकी माणसांच्या बोलण्यात शंभरात सरासरी १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, देश एकच.

काही अडचणी निव्वळ भौतिकशास्त्राच्या आहेत. लहान मुलाचा घसा आणि तोंडाची पोकळी आखूड असते, त्यामुळे त्याच्या आवाजातल्या कंपनसंख्या मोठ्यांहून बऱ्याच वर असतात. मोठ्यांच्या आवाजावर शिकलेले यंत्र मुलांपुढे चाचपडते. साध्या फोनलाइनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, आणि ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. म्हणजे फोनवरून घेतलेल्या परीक्षेत ‘साळा’ की ‘शाळा’ याचा निवाडा माणसालाही अवघड, यंत्राने तो छातीठोकपणे देऊ नये. त्यातून महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखालचा वर्ग. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या भागात जुलैमध्ये घेतलेल्या चाचणीचे गुण आणि माणमध्ये कोरड्या दिवशी घेतलेल्या चाचणीचे गुण एका यादीत लावणे अन्यायाचे होईल.

एवढे सगळे मान्य करूनही हे तंत्रज्ञान शाळेत यावे असे वाटते. कारण आजची स्थिती चांगली नाही. आज बोलण्याचे गुण आहेत, पण बोलणे ऐकले जात नाही. यंत्र निदान प्रत्येक मुलाचे बोलणे ऐकेल आणि जपून ठेवेल. बाईंना शंका आली तर तो तुकडा पुन्हा लावून ऐकता येईल. गुण शिक्षकानेच द्यावेत. यंत्राने कुठे ऐकायचे ते दाखवावे: इथे मूल सात सेकंद थांबले, इथे लिंग चुकले, या ओळीपासून वेग निम्मा झाला. उच्चारातला बोलीभेद वेगळ्या रकान्यात दाखवावा आणि गुणांत धरू नये. सांगली आकाशवाणीला निवेदक निवडायचा असेल तर ‘ण’ आणि ‘न’ जरूर पाहावा. तिसरीतल्या मुलाचे वाचन पाहताना तो पाहण्याचे कारण नाही. चाचणी कशासाठी आहे हे आधी ठरले की यंत्राला काय ऐकायचे ते सांगता येते.

मराठी शिकणाऱ्यांचा परीघही आता मोठा झाला आहे. खानापूर-आटपाडीकडची सोने-चांदी गाळणारी गलाई कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यात पसरली आहेत. त्यांची मुले तमिळ, मल्याळम किंवा पंजाबी शाळेत शिकतात आणि मराठी घरी ऐकतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात. त्यांच्या परीक्षांना भारती विद्यापीठाचे सहकार्य आहे. या मुलांना समजते सगळे, बोलताना मात्र ती इंग्रजीच्या किंवा तमिळच्या वळणावर जातात. त्यांच्यासाठी जवळपास परीक्षक नसतो, म्हणून यंत्राचा उपयोग त्यांना कदाचित सर्वांत आधी होईल.

आवाज गोळा करताना कायद्याचे भान ठेवावे लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी. आवाज हीदेखील अशीच माहिती आहे, त्यावरून माणूस ओळखता येतो. शाळेच्या पहिल्या पालकसभेतच हे ध्वनिमुद्रण कुठे राहील, किती दिवस राहील आणि कोण ऐकेल हे मराठीत आणि जतमध्ये कन्नडमध्येही समजावून सांगायला हवे. मग प्रत्येक नमुन्यासोबत मुलाचे वय, घरची भाषा, तालुका आणि खोलीतला गोंगाट यांची नोंद ठेवावी, आणि प्रत्येक उतारा निदान दोन स्थानिक शिक्षकांनी स्वतंत्रपणे ऐकावा. यंत्र विकणाऱ्यांकडून सरासरी अचूकतेचा एकच आकडा घेऊन थांबू नये. माण-आटपाडीचा, पाटण-जावळीचा, वाळवा-शिराळ्याचा आणि जतच्या पूर्व भागाचा चुकांचा दर वेगवेगळा मागावा. त्यांतल्या ज्या भागात यंत्राचे गुण शिक्षकांच्या गुणांपासून फार लांब जातील, तिथे आणखी आवाज नोंदवून यंत्र पुन्हा शिकवावे, आणि तोवर त्या भागात त्याचे गुण निकालपत्रकात घेऊ नयेत.